उज्ज्वला आडेचं कुलूप

उज्ज्वला आडे कुठेच सहा महिन्यांच्या वर टिकत नाही, हे आर्णीजवळच्या तिच्या तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. बारावीनंतर तिने नर्सिंगला नाव घातलं आणि दिवाळीच्या सुट्टीत घरी आली ती परत गेलीच नाही. मग आर्णीत कापडाच्या दुकानात दोन महिने. मग ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका सेंटरवर साडेतीन महिने. आयटीआयमधला फिटरचा ट्रेड तेवढा तिने पुरा केला, कारण तिथे दिवसभर उभ्याने काम होतं आणि हातात कानस होती.

तिचे वडील धावजी म्हणायचे, "हिच्या पायात भोवरा हाय." आई लालीबाईची तक्रार वेगळी होती. पोरगी बसून जेवत नाही. ताट हातात घेऊन अंगणात फिरते, दोन घास इकडे, दोन घास तिकडे, आणि मग ताट कुठेतरी विसरून येते.

चोविसाव्या वर्षी उज्ज्वलाची निवड यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या कारखान्यात झाली. मेंटेनन्स टेक्निशियनचं एक वर्षाचं ट्रेनिंग. आठ जण घेतले होते, त्यात ती एकटी मुलगी. तिने लोहाऱ्यातच एक खोली भाड्याने घेतली. तांड्यातून निघताना धावजी एवढंच म्हणाले, "सामान थोडंच ने. वापस आणाले सोपं जाते."

पहिला महिना वर्गात गेला. शिकवायला कारखान्यातले सर्वांत जुने फिटर अय्याजभाई होते. वय छप्पन्न, दाढी पांढरी, आवाज हळू. ते फळ्यावर काही लिहीत नसत. एक एक वस्तू टेबलावर ठेवायची आणि तिच्याबद्दल बोलायचं, ही त्यांची पद्धत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आठ लाल कुलुपं टेबलावर ठेवली. प्रत्येकाला एकच किल्ली, आणि प्रत्येकाच्या कडीला एका ट्रेनीचं नाव आणि फोटो असलेली पाटी.

"मशीनमध्ये हात घालायच्या आधी पॅनलवर जायचं," ते म्हणाले. "स्विच बंद करायचा, अन् त्याले आपलं कुलूप लावायचं. पाच जण काम करत असतीन तं पाच कुलुपं. किल्ली आपल्या खिशात. जोपर्यंत एकही कुलूप लटकून आहे, तोपर्यंत मशीन चालू होणार नाही. मालक सोता आला तरी नाही. कुलूप लटकून हाय म्हणजे कोणीतरी आत हाय. येवढं ध्यानात ठेवजा. बाकीचं मी विसरू देईन, हे नाही."

उज्ज्वलाला हे आवडलं होतं. आपल्या नावाचं काहीतरी असावं आणि त्यापुढे अख्खा कारखाना थांबावा, ही गोष्ट तिला पहिल्यांदाच भेटत होती. ती अय्याजभाईंना चाचा म्हणू लागली. बाकीचे पोट्टे उस्ताद म्हणायचे.

पण वर्ग संपून कामावर गेल्यावर तिची निराशा झाली. तिला वाटलं होतं की हातात पाना असेल आणि दिवस भर्रकन जाईल. प्रत्यक्षात मेंटेनन्स म्हणजे निम्मा वेळ वाट पाहणं होतं. कामाच्या परमिटवर सही होईपर्यंत थांबा. गरम पाइप थंड होईपर्यंत थांबा. इलेक्ट्रिशियन दुसरीकडे गेला, तो येईपर्यंत थांबा. मुलं भिंतीला टेकून मोबाइल बघायची. उज्ज्वला येरझारा घालायची. अब्रार नावाचा एक ट्रेनी होता, यवतमाळात त्याच्या वडलांचं गॅरेज होतं. तो तिच्या फेऱ्या मोजायचा आणि आकडा मोठ्याने सांगायचा.

"एक जागी बस ना, बेटा," अय्याजभाई म्हणायचे.

"बसली की मले कसंतरीच होते, चाचा."

दुसरा त्रास पियुषसाहेबांचा होता. ते प्रॉडक्शनचे शिफ्ट इंजिनिअर, तिशीतले, स्वभावाने वाईट नव्हते. पण उज्ज्वला शिडीवर चढली की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. तिचं अक्षर चांगलं आहे हे त्यांनी एकदा पाहिलं आणि तेव्हापासून बिघाडाचं रजिस्टर तिच्याकडे आलं. कोणतं मशीन, किती वाजता बंद, कारण, किती वाजता चालू. पाचव्या महिन्यापर्यंत ती मशीनपेक्षा टेबलापाशी जास्त असायची. खोलीवर आली की तिचे खांदे दुखायचे, तेही काम न केल्याने. ती लोहाऱ्याच्या रस्त्याने तासभर चालायची आणि तरी अंग शांत व्हायचं नाही.

ऑक्टोबरात सोयाबीनचा हंगाम आला. ट्रकांची रांग गेटपासून मोठ्या रस्त्यापर्यंत लागली. अशा दिवसांत एका सकाळी बिनच्या खालचा स्क्रू अडकला. बिन म्हणजे सोयाबीन साठवायची दोन मजली उंच लोखंडी टाकी. तिच्या खालून चाळीस फूट लांब स्क्रू फिरतो आणि माल पुढे ढकलतो. तो थांबला की सगळंच थांबतं.

अय्याजभाईंनी तीन जणांना सोबत घेतलं. त्यात अब्रार होता आणि उज्ज्वलाही. चौघांनी पॅनलवर आपापली कुलुपं लावली. उज्ज्वलाने किल्ली पँटच्या खिशात टाकली आणि स्क्रूच्या टोकाशी असलेल्या खड्ड्यात उतरली. पाच महिन्यांत तिला पहिल्यांदाच असं काम मिळत होतं. तिने गंजलेले आठ बोल्ट काढले. एक निघत नव्हता. त्यावर तिने पाइप लावून अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा तो कुरकुरत सुटला. आत बेअरिंगचा चुरा झाला होता. ती वर बघून म्हणाली, "चाचा, गोळ्याच राह्यल्या नाहीत याच्यात," आणि अय्याजभाई हसले.

स्टोअरमध्ये त्या मापाचं बेअरिंग नव्हतं. अमरावतीहून यायला तीन तास लागतील असं कळलं. "बसा आता," अय्याजभाई म्हणाले. तेवढ्यात पियुषसाहेब आले. त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उज्ज्वला, तोवर ऑफिसात ये. तीन दिवसांचं रजिस्टर राहिलंय."

ती वर आली. हेल्मेट काढलं, बिनच्या शिडीजवळ जो कठडा होता त्याला अडकवलं आणि ऑफिसात गेली.

रजिस्टर लिहायला बसली तेव्हा तिच्या नखांत ग्रीस होतं. पहिल्या पानावर तिने लिहिलं, मशीन बंद, कारण बेअरिंग. दुसऱ्या ओळीत, मशीन बंद, कारण बेल्ट. सहाव्या ओळीला तिने पेन ठेवलं. खिडकीतून तिला खड्ड्याशेजारी उकिडवे बसलेले अब्रार आणि चाचा दिसत होते. बेअरिंग येईल तेव्हा हे बसवतील आणि आपण ते किती वाजता बसवलं ते लिहू, असं तिच्या मनात आलं. मग छातीत ते ओळखीचं हुळहुळणं सुरू झालं. नर्सिंगच्या होस्टेलवर झालं होतं तसंच. आता इथे एक मिनिटही नको.

कारखान्यात बायकांना कपडे बदलायला वेगळी खोली नव्हती. तिची बॅग प्रथमोपचाराच्या खोलीत असायची. तिने ती घेतली आणि ट्रकच्या गेटने बाहेर पडली. गेटवरचा वॉचमन एका ड्रायव्हरशी वाद घालत होता. तिने कार्ड पंच केलं नाही. ज्याला सोडूनच जायचं आहे तो कार्ड कशाला पंच करेल. रस्त्यावर आल्यावर तिने फोन बंद केला.

यवतमाळच्या स्टँडवर आर्णीची गाडी दोन तासांनी लागली. खिडकीची जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडली तसं तिला एकदम हलकं वाटलं. हेही ओळखीचं होतं. घरी काय सांगायचं ते ती मनात जुळवू लागली. साहेब नुसतं लिहायला लावायचा. काही शिकवत नव्हते. बापू म्हणेल, मले माहीत होतं.

कंडक्टर आला. तिने तिकिटाला सुटे काढायला खिशात हात घातला आणि हातात किल्ली आली.

आधी तिला त्याचं विशेष काही वाटलं नाही. तोडतील कुलूप. कटर असतो त्यांच्याकडे. मग तिला आठवलं की हेल्मेट कठड्यावर आहे. बिनच्या शिडीजवळ. आणि कार्डाप्रमाणे आपण अजून आत आहोत. तिने किल्ली मुठीत धरली. दोन गावं गेली. मूठ घामाने ओली झाली तरी तिने उघडली नाही. तिसऱ्या फाट्याच्या अलीकडे ती उठून दरवाजापाशी आली.

"इथं थांबा नाही," कंडक्टर म्हणाला. "आता तं तिकीट काढलं तुमी आर्णीचं."

"मले उतरू द्या. अर्जंट हाय."

गाडी फाट्यावर थांबली. खाली उतरून तिने फोन चालू केला. एकतीस मिसकॉल होते. तिने अब्रारला फोन लावला.

पलीकडून अब्रारने विचारलं, "कोण?" तिचं नाव त्याच्या फोनवर दिसत असूनही.

"मी. उज्ज्वला."

त्याने फोन कानापासून दूर नेला आणि तो कोणालातरी ओरडून सांगू लागला, "फोन आला, जित्ती हाय, काढा उस्तादले बाहीर." मग तो परत बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज फुटला होता. "कुठी हायस तू? उस्ताद बिनमध्ये उतरले ना. तुले शोधून राह्यले."

काय झालं होतं ते तिला नंतर कळलं. बेअरिंग अमरावतीहून यायची गरजच पडली नाही. यवतमाळातल्याच एका व्यापाऱ्याकडे मिळालं आणि ती गेल्यावर तासाभरात ते कारखान्यात आलं. अय्याजभाईंनी ते बसवलं. तिघांनी आपापली कुलुपं काढली आणि चौथं लटकतच राहिलं. ऑफिसात पाहिलं, ती नाही. पुरुषांच्या खोलीत तिचं सामान असण्याचा प्रश्नच नव्हता, आणि बॅग प्रथमोपचाराच्या खोलीत असते हे कोणाच्या लक्षात आलं नाही. गेटच्या कार्डांवर ती आत होती. मग कोणाला तरी ते हेल्मेट दिसलं.

पियुषसाहेब म्हणाले होते, "असेल इकडेतिकडे. चहाला गेली असेल. कटर आणा, कुलूप तोडा, बाहेर साठ ट्रक उभे आहेत." अय्याजभाई पॅनलसमोर जाऊन उभे राहिले. "पोट्टी डोळ्यानं दिसल्याबिगर कुलपाले हात लावू देणार नाही," ते म्हणाले. त्यांनी स्क्रूची सगळी झाकणं उघडायला लावली. चाळीस फूट. काही निघालं नाही. मग उरलं बिन. सोयाबीनच्या टाकीत माणूस पडला तर तो पाण्यात बुडावा तसा खाली जातो, आणि वरून काही कळत नाही. त्यांनी कमरेला दोर बांधला, दुसरं टोक चौघांच्या हातात दिलं आणि ते वरच्या तोंडातून आत उतरले.

हे सगळं होत असताना उज्ज्वला आधी स्टँडवर आणि मग बसच्या खिडकीत हलकी होऊन बसली होती.

फाट्यावर यवतमाळकडे जाणारी गाडी नव्हती. फवारणीचा पंप मागे बांधलेल्या एका मोटारसायकलवाल्याला तिने हात केला. देवसिंग नावाचा, चाळिशीचा माणूस होता. पंप पुढे घेऊन त्याने तिला बसायला जागा केली. तो फारच हळू चालवत होता.

"जरा जोरात घ्या ना, भाऊ."

"पंप हाय ना पुढं. कोणी बिमार हाय का घरी?"

"नाही," ती म्हणाली. "मले शोधून राह्यले."

त्याने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

ती गेटातून आत आली तेव्हा चार वाजले होते. बिनजवळ पन्नास-साठ माणसं उभी होती. तिला पाहून ती बाजूला सरली. अय्याजभाई शिडीच्या खालच्या पायरीवर बसले होते. भुवया, दाढी, कानांच्या पाळ्या, सगळं सोयाबीनच्या धुळीने पिवळं झालं होतं. शर्टावर दोराचा वळ उमटला होता. ते खोकत होते.

पियुषसाहेब पुढे आले. "किती तास गेले, काही कल्पना आहे तुला?"

अय्याजभाईंनी हात वर केला तसे साहेब थांबले. मग अय्याजभाई तिच्याकडे न पाहता म्हणाले, "कुलूप काढ."

ती पॅनलपाशी गेली. किल्ली भोकात जाईना. सगळे बघत होते आणि कोणीही मदतीला आलं नाही. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हे सगळ्यांना अय्याजभाईंनीच शिकवलं होतं. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला कुलूप निघालं. स्क्रू सुरू झाला. अय्याजभाई उठले, गुडघ्यावर हात देत दोन पावलं चालले आणि नळावर तोंड धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी होती. दाराबाहेर अब्रारने तिला गाठलं. "सांगून दे, आई बिमार होती. एकदम फोन आला, घाबरून पळाली. सोडून देतात."

लालीबाई त्या वेळी तांड्यावर तुरीत निंदण करत असणार, ठणठणीत. आत तीन जण बसले होते, त्यात पियुषसाहेब. एकाने विचारलं, "का गेलीस?" अब्रारचं वाक्य तिच्या ओठावर तयार होतं. ते बोललं तर ती वाचली असती, हेही तिला कळत होतं. पण त्या बिनमध्ये जो माणूस उतरला होता त्याच्यापर्यंत हे वाक्य पोचेल आणि तो ते खरं मानेल, हे तिच्याने सहन होईना.

"मी काम सोडून चालली होती," ती म्हणाली. "कोणाले न सांगता. किल्ली खिशात हाय हे मले याद नव्हतं."

तिला पंधरा दिवस घरी बसवलं. ट्रेनिंग तीन महिन्यांनी वाढवलं. काढून का टाकलं नाही, याचं कारण तिला कोणी सांगितलं नाही.

तांड्यावर धावजींनी तिची बॅग पाहिली. "झालं ना? मले माहीत होतं."

"सुट्टी हाय, बापू. पंधरा दिवस."

"मांगंबी सुट्टीच होती तुही. नर्सिंगची."

परत जाऊ याची तिलाही खात्री नव्हती. सकाळी ती शेतात जायची, दुपारी नुसतीच तांड्याभोवती फिरायची. लालीबाईने एकदा तिचा हात धरून ओट्यावर बसवलं आणि विचारलं, काय झालं ते सांग. उज्ज्वलाने सगळं सांगितलं. लालीबाई गोरबोलीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, एवढंच म्हणाली की त्या माणसाच्या घरी जाऊन ये. आणि मग मराठीत, जणू वेगळी गोष्ट असावी तसं, "हात हालवत नको जाजो. घरची तूर ने."

चौथ्या दिवशी ती यवतमाळला अय्याजभाईंच्या घरी गेली. ते घरात नव्हते. त्यांची बायको हुस्नाबीने दार उघडलं. उज्ज्वलाने नाव सांगितलं तेव्हा तिने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत ये म्हणाली, चहा ठेवला आणि समोर बसली.

"त्या दिवशी घरी आले, नहाले," हुस्नाबी म्हणाली. "कानातून सोयाबीन निघालं. जेवले नाही. मी पुसलं काय झालं, तं म्हणले, आज मी एका पोरीची मय्यत शोधत होतो."

उज्ज्वलाने चहाचा कप खाली ठेवला. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली. थोड्या वेळाने अय्याजभाई दुपारनंतरची अस्रची नमाज पढून आले. तिला पाहून त्यांनी टोपी काढून खिशात ठेवली आणि पलंगावर बसले. तुरीची पिशवी त्यांनी पाहिली.

"चाचा, मी माफी मांगाले आली."

"माफ केलं." ते लगेच म्हणाले. "पण माह्या टीममधे मी तुले घेणार नाही. ह्या दोन गोष्टी अलग हायत."

तिने पिशवी पलंगापाशी सरकवली.

"बिनमधे दोराले लटकून मी पाय खाली दाबून पाहत होतो," ते म्हणाले. "सोयाबीनच्या खाली पायाले काही लागते का. एक जागा झाली की दुसरी जागा. समजलं? आता तू माह्या संगं काम करशीन तं मी मशीन पाहीन का तुले पाहीन?"

"मंग मी येऊ का नको येऊ?"

"ते तुह्यं तू पाय."

पंधराव्या दिवशी सकाळी तांड्यावरून जीप निघायला अवकाश होता. उज्ज्वलाला तेवढं थांबवेना. ती बॅग घेऊन पायीच मोठ्या रस्त्यापर्यंत आली. धावजी मागून म्हणाले, "चालली का?" तिने हो म्हटलं. कुठे चालली हे त्यांनी विचारलं नाही आणि तिलाही कारखान्याच्या गेटापर्यंत पोचेतो ते पक्कं सांगता आलं नसतं.

गेटच्या आत एक नवा फळा लावला होता. त्यावर सगळ्यांच्या नावाचे पत्रे होते, एका बाजूने हिरवे, दुसऱ्या बाजूने लाल. बाहेर पडताना आपला पत्रा लाल करायचा, कुलूप काढल्याची खात्री वॉचमनला द्यायची. पियुषसाहेबांनी बसवला होता. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं उज्ज्वला बोर्ड. "उज्ज्वला केली का?" असं ते एकमेकांना सुटताना विचारायचे. ती समोर आहे की नाही हे कोणी बघायचं नाही. पहिला महिना तिला ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर तिचा पत्रा ती सगळ्यांच्या आधी फिरवू लागली.

तिला पंप आणि कॉम्प्रेसरच्या विभागात टाकलं. तिथे दुसरं कोणी जायला तयार नसायचं. तिथले फिटर किसनसिंग रिटायर व्हायला आले होते, अंगाने जड, गुडघे गेलेले. ते कॉम्प्रेसरच्या खोलीबाहेर खुर्चीत बसायचे आणि आवाजावरून सगळं ओळखतो असं सांगायचे, जे अर्धंच खरं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला विचारलं, "तूच का ते?" ती हो म्हणाली. "मले फिराले जमत नाही," ते म्हणाले. "तू फिर."

नियमाप्रमाणे दर दोन तासांनी फेरी होती. बावीस पंप, दोन कॉम्प्रेसर, एक कूलिंग टॉवर. प्रत्येकाला हात लावून गरम आहे का पाहायचं, गळती पाहायची, आकडा लिहायचा. उज्ज्वला दर तासाला जायची. कधी त्याहून लवकर. यात तिचा काही मोठेपणा नव्हता, खुर्चीत बसवत नव्हतं म्हणून ती जायची. पण तिसऱ्या महिन्यात किसनसिंगच्या विभागात मशीन अचानक बंद पडणं कमी झालं. गळणारा पंप तिला गळायला लागल्याच्या तासाभरात दिसायचा आणि तिथल्या तिथे घट्ट करून व्हायचा. किसनसिंग हे साहेबांपुढे आपल्या कानांचं श्रेय म्हणून सांगायचे. तिने ते तसंच राहू दिलं.

छातीतलं हुळहुळणं गेलं नाही. ट्रेनिंगच्या उरलेल्या दहा महिन्यांत तीन वेळा ती बॅग घेऊन गेटापर्यंत आली. एकदा तर पत्रा लाल करून, स्टँडकडे जाणाऱ्या ऑटोत बसूनही झालं होतं. ऑटो भरायची वाट पाहताना तिला आठवलं की आपण किसनसिंगना सांगितलं नाही. ती उतरली, परत आत गेली आणि म्हणाली, "काका, मी जाऊन येते जरा."

"किती वेळ?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"अर्धा घंटा," ती म्हणाली. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा पिऊन वीस मिनिटांत परत आली. त्यानंतर ती कुठेही निघाली की सांगून जायची आणि किसनसिंग तेच विचारायचे.

शेवटच्या परीक्षेत प्रत्यक्ष काम बघायला अय्याजभाई होते. पंप आणि मोटर एका रेषेत जुळवून दाखवायचे होते. तिने आधी पॅनलवर जाऊन कुलूप लावलं, किल्ली त्यांना दाखवली आणि कामाला लागली. जुळणी दोन वेळा चुकली. तिसऱ्यांदा बसली. त्यांनी मोजमाप स्वतः तपासलं, कागदावर आकडे लिहिले. "टाइम जास्त लागला," ते म्हणाले. पास केलं, पण गुण बेताचेच दिले.

तिचं वाढीव ट्रेनिंग संपल्यावर लागलेल्या यादीत कारखान्याने आठपैकी पाच जणांना कायम घेतलं. अब्रार त्यात होता, उज्ज्वला नव्हती. तिने तशी अपेक्षाही ठेवली नव्हती. तरी यादी वाचून झाल्यावर ती कूलिंग टॉवरच्या मागे जाऊन थोडा वेळ उभी राहिली. अब्रारने तिला तिथे शोधून काढलं. यवतमाळातली एक फर्म जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेस दुरुस्त करते, त्या फर्मला हंगामात गावोगाव हिंडायला माणूस पाहिजे, असं त्याने सांगितलं. तिथे कोणी टिकत नाही म्हणून जागा रिकामीच असते, हेही सांगितलं.

आता तिला तिथे दुसरा हंगाम आहे. कापूस यायला लागला की तिच्या स्कूटीला पान्यांची पेटी बांधलेली असते. एक दिवस आर्णी, दुसऱ्या दिवशी वणी, राजूरच्या बाजूने पुन्हा यवतमाळ. प्रेसचं तेल उतरलं, सील फाटलं, पंप ओरडतो, असे फोन दिवसभर येतात. जिनिंगचे मालक आधी विचारतात, तुमच्याकडचा माणूस कुठे आहे. ती म्हणते, मीच आले आहे. काही जण तिला पाण्याचा ग्लास देऊन ऑफिसात बसा म्हणतात. ती बसत नाही.

अय्याजभाई रिटायर झाले. परीक्षेनंतर ते तिच्याशी बोलले नव्हते. रिटायर झाल्यावर महिनाभराने त्यांचा पहिला फोन आला तेव्हा ती वणीकडच्या एका जिनिंगमध्ये सील बदलत होती.

"कुठी हायस?" त्यांनी विचारलं.

तिने जागा सांगितली.

"बरं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

तेव्हापासून आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन येतो. विचारणं तेवढंच असतं. मध्ये एकदा तिने आपणहून सांगायला सुरुवात केली, की इथली प्रेस जुनी आहे, मालक ऐकत नाही, पार्ट उद्यावर गेला आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मालकाले सांगजो, अय्याजभाई म्हणते का तेल बदल पहिले." मालकाला अय्याजभाई कोण हे माहीत नव्हतं. उज्ज्वलाने तरी सांगितलं, आणि दुपारपर्यंत तेल आलं.